पेशीला पत्ता सांगताना

भिसेगावात राहणाऱ्याला खाजकुयलीची ओळख करून द्यावी लागत नाही. कर्जत स्टेशनला लागून असलेल्या या गावातून डोंगराच्या दिशेने निघालं की पावसाळा सरता सरता झुडपांवर चढलेला तिचा वेल दिसू लागतो. आधी जांभळ्या फुलांचे लोंबते घोस, मग थंडीत सोनेरी-तपकिरी लवीने मढलेल्या वाकड्या शेंगा. ती लव अंगाला लागली तर काय होतं हे ज्याने एकदा भोगलंय तो पुन्हा त्या शेंगेजवळ उघड्या हाताने जात नाही. गुरांमागची पोरं आणि मोळी घेऊन उतरणाऱ्या ठाकर-कातकरी बाया वारा कुठून येतोय ते बघून वाट बदलतात.

पण त्या शेंगेत चकचकीत बिया असतात आणि त्या बियांत, वजनाच्या काही टक्के इतकं, लेव्होडोपा असतं. लेव्होडोपा म्हणजे पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या गोळीतलं मुख्य औषध. जगभरातले लाखो लोक ज्या रसायनाच्या जोरावर सकाळी अंथरुणातून उठतात, सदऱ्याची बटणं लावतात, चहाचा कप न सांडता तोंडापर्यंत नेतात, ते इथे उतारावर आपोआप पिकतं आणि आपोआप वाळून जातं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय संशोधकांनी या बियांमधून ते वेगळं काढून दाखवलं. आयुर्वेदात कपिकच्छूचं, म्हणजे खाजकुयलीचंच, बी पूर्वापार वापरात होतंच. १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांना दिलं आणि आपली निरीक्षणं ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात मांडली. घरी बिया कुटून खायचा उद्योग मात्र कोणी करू नये. एका बीत औषध किती हे बी सांगत नाही, आणि मात्रा चुकली तर उलट्यांपासून भ्रमापर्यंत काहीही होऊ शकतं.

हे रसायन डोक्यात जाऊन काय करतं, ते आधी बघू. मेंदूच्या खालच्या अंगाला, मध्यमेंदूत, एक काळसर पट्टा असतो. त्यातल्या आणि त्याच्या आजूबाजूच्या काही लाख चेतापेशी डोपामाइन बनवतात. माणसाच्या मेंदूत एकूण चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी; त्या गर्दीत ही काही लाखांची वस्ती म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण यातल्या एकेका पेशीचा पसारा बघा. तिच्यातून निघालेला बारीक तंतू पुढे फुटत फुटत जातो, आणि माणसाच्या मेंदूत त्याच्या सगळ्या फांद्या जोडून मोजल्या तर लांबी चार मीटरहून अधिक भरेल, दहा लाखांहून अधिक जागी ती दुसऱ्या पेशींशी बोलत असेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. डोळ्याला न दिसणारी पेशी आणि तिचा माणसाच्या दुप्पट उंचीहून लांब तंतू! एवढा व्याप एकटीने पोसायचा म्हणजे तिची दमछाक होणारच, आणि म्हणूनच कदाचित म्हातारपणी या पेशी इतरांआधी मरतात, असाही एक विचार आहे.

हात थरथरायला लागेपर्यंत यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. लेव्होडोपा हा डोपामाइनचा कच्चा माल. खुद्द डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरतं, आणि उरलेल्या पेशी त्याचं डोपामाइन करतात. म्हणून पहिली काही वर्षं गोळी जादूसारखी लागू पडते. पण पेशी मरत राहतात. मग गोळी लवकर उतरायला लागते, दिवस गोळीच्या वेळांभोवती फिरायला लागतो, आणि कधी कधी गोळीमुळेच अंग नको तितकं हलायला लागतं.

या साऱ्याचा उलगडा ज्या प्रयोगातून झाला त्यात आपल्याकडची आणखी एक वनस्पती आहे: सर्पगंधा. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते रेसर्पिन सशांना टोचलं. ससे कान टाकून, लोळागोळा होऊन पडले. मग त्यांना डोपा (लेव्होडोपा हे त्याचंच एक रूप) टोचलं आणि थोड्याच वेळात तेच ससे उठून बसले. रेसर्पिनने मेंदूतला साठा रिकामा केला होता, डोपाने तो भरला. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. कार्लसन यांनी वापरलेलं डोपा काही खाजकुयलीचं नव्हतं. तरीही सह्याद्रीत भेटणाऱ्या दोन झाडांची रसायनं, एक गोठवणारं आणि एक सोडवणारं, अशी एका सशाच्या डोक्यात समोरासमोर आली याचं मला फार नवल वाटतं.

रसायन बाहेरून देता येतं हे कळलं. मग पुढचा विचार सरळ होता. रसायन बनवणारी पेशीच देता आली तर?

पेशी हवी, पण कुठलीही चालणार नाही. माणसाच्या मेंदूचा जो सविस्तर नकाशा २०२३ साली प्रसिद्ध झाला त्यात तीन हजारांहून अधिक प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखल्या गेल्या. त्यातला नेमका एक प्रकार बशीत वाढवायचा. आणि इथे या विद्येतली सगळ्यात सुंदर गोष्ट येते. ‘तू डोपामाइनची चेतापेशी हो’ असं पेशीला सांगणारा संदेश गर्भाजवळ नाहीच. गर्भात पेशीला कोणी ती कोण हे सांगत नाही. ती कुठे आहे, एवढंच तिला कळवलं जातं. पत्ता कळला की काय व्हायचं ते तिचं ती ठरवते.

गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना पाठीवरची एक पट्टी वळून तिची नळी होते. या नळीचं पुढचं टोक मेंदू होणार, मागचा भाग मज्जारज्जू. नळीच्या तळाच्या पेशी एक प्रथिन सोडतात, छताच्या पेशी दुसरी प्रथिनं सोडतात. तळाचं प्रथिन वर जाता जाता विरळ होतं, छताचं खाली येता येता. त्यामुळे मधल्या प्रत्येक पेशीच्या वाट्याला दोघांचं एक ठरावीक प्रमाण येतं, आणि त्यावरून तिला आपली उंची कळते. पुढून मागेही असाच एक चढता-उतरता संकेत असतो. त्यावरून ती कपाळाच्या बाजूला की मानेच्या, ते कळतं. तळाच्या प्रथिनाचं नाव सॉनिक हेजहॉग, एका व्हिडिओ गेममधल्या निळ्या, काटेरी हेजहॉगवरून ठेवलेलं. शास्त्रज्ञांची थट्टा जन्मभर चिकटते ती अशी. आपल्यापैकी प्रत्येकाचा मेंदू या हेजहॉगच्या हाताखाली घडला आहे.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ साली दाखवलं की पाणपालीसारख्या एका उभयचर प्राण्याच्या गर्भातला छोटासा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडे लावला तर तिथे दुसरी नळी, जवळजवळ दुसरा जीवच, तयार होतो. तुकडा शेजारच्या पेशींना काहीतरी सांगत होता. काय सांगत होता हे कळायला सत्तर वर्षं लागली, आणि उत्तर सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट निघालं. तो तुकडा ‘मेंदू व्हा’ असं सांगतच नव्हता. बाकीच्या गर्भातून ‘कातडी व्हा’ असा जो सतत निरोप येत असतो, तो अडवणारी प्रथिनं तो सोडत होता. निरोप पोचला नाही की पेशी आपणहून मेंदूच्या वाटेला लागते. थोडक्यात, मेंदू होणं हा त्या पेशींचा मूळ स्वभाव आहे. कातडी व्हायला सांगावं लागतं. काही सभा-संमेलनांना बसल्यावर यावर विश्वास ठेवणं जड जातं, पण आहे हे असं.

पत्ता सांगणाऱ्या अशा ठाण्यांपैकी एकाचं काम मुंबईत उलगडलं. कर्जतहून लोकलने शंभर किलोमीटर गेलं की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येतं, आणि तिथून कुलाब्याच्या पार टोकाला, समुद्राला खेटून, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. शुभा तोळे यांची प्रयोगशाळा उंदराच्या गर्भात मेंदू कसा घडतो ते पाहते. स्मृती ज्याच्याशिवाय बनत नाही तो मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. तो जिथे तयार होतो त्याच्या अगदी कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते. तिला ‘कॉर्टिकल हेम’ म्हणतात, कापडाच्या दुमडलेल्या काठासारखी ती असते म्हणून. तोळे यांच्या गटाने असे गर्भ अभ्यासले ज्यांच्या मेंदूच्या आवरणात मधूनमधून एलएचएक्स-२ नावाचं एक जनुक नसलेल्या पेशींचे ठिपके होते. त्या ठिपक्यांतल्या पेशी काठाच्या पेशी झाल्या. आणि गंमत पुढेच आहे. प्रत्येक ठिपक्याभोवतीच्या धडधाकट पेशी, ज्यांच्यात जनुक शाबूत होतं, त्या हिप्पोकॅम्पसच्या झाल्या. काठ जिथे जिथे उगवला तिथे तिथे त्याने शेजाऱ्यांना ‘तुम्ही काठाशेजारी राहता’ असं कळवलं आणि शेजाऱ्यांनी त्याप्रमाणे रूप घेतलं. हे काम २००८ साली ‘सायन्स’मध्ये आलं. तोळे यांना २०१० साली भटनागर आणि २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

उंदरावरचं हे ज्ञान माणसाच्या पेशींना लागू पडतं का? २०१५ साली जपानी संशोधकांनी मानवी मूळपेशींपासून बशीत हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशी वाढवल्या. त्यांची युक्ती हीच: थेट हिप्पोकॅम्पसच्या मागे न लागता त्यांनी काठाला लागणारे संकेत देऊन आधी काठासारखा भाग घडवला, आणि मग त्याच ऊतीतून हिप्पोकॅम्पसच्या पेशी मिळवल्या.

आता या मूळपेशी येतात कुठून ते सांगायला हवं. मूळपेशी म्हणजे जिचा अजून निर्णय झालेला नाही अशी पेशी. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी पहिल्यांदा मानवी गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या, काही दिवसांच्या अवस्थेतून अशा पेशी काढून त्या बशीत अखंड वाढत ठेवल्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेले आणि जोडप्यांनी राजीखुशीने दिलेले गर्भ त्यासाठी वापरतात. पुढे राजकारण शिरलं. ९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं की त्या दिवसापर्यंत तयार असलेल्या पेशीवंशांवरच्या (बशीत अशा वाढत ठेवलेल्या पेशींच्या कुळांवरच्या) संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल. मग असे वंश जगात कुठे कुठे आहेत याची यादी निघाली, आणि त्या ६४ वंशांच्या यादीत सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राचे होते. अमेरिकी वर्तमानपत्रं अचानक मुंबईचा पत्ता शोधू लागली. २००६ साली रिलायन्सच्या शास्त्रज्ञांनी आपल्या एका नव्या पेशीवंशाचं आणि त्याच्यातून इतर पेशी घडवण्याच्या क्षमतेचं वर्णन प्रसिद्ध केलं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ असे दोन वंश तयार केले. ते काम २००९ साली छापून आलं आणि त्यात डॉ. इंदिरा हिंदुजा सहभागी होत्या. १९८६ साली के.ई.एम.मध्ये हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म ज्यांच्या हातून झाला त्याच या हिंदुजा. सर्पगंधा, हर्षा आणि काइंड: तीनही गोष्टी परळमधल्याच.

गर्भ न वापरता मूळपेशी मिळवण्याची वाट २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी काढली. तिची थोरवी कळायला कर्जतच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९५७ साली पेशीच्या वाढीचं एक चित्र काढलं होतं: डोंगरउतार, त्याच्यावर फुटत गेलेल्या घळी आणि वरून घरंगळणारा गोटा. गोटा एका घळीत शिरला की तिथून दुसरी, मग तिसरी. खाली पोचेपर्यंत तो यकृत झालेला असतो, कातडी झालेला असतो, चेतापेशी झालेला असतो. उलट जाणं नाही. बोरघाट हा तोच उतार. लोणावळ्याहून गाडी कर्जतला स्वतःच्या वजनाने येऊ शकते, पण कर्जतहून वर जायचं तर सदतीस फुटांमागे एक फूट चढ, आणि बहुतेक गाड्या मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय चढत नाहीत. यामानाका यांनी पेशीला लावायचे बँकर शोधले. चोवीस जनुकांपासून सुरुवात करून ते चारवर आले. ही चार जनुकं कातडीच्या पेशीत चालू केली की ती उतार चढून थेट माथ्यावर, न ठरलेल्या अवस्थेत, परत जाते. २००७ साली माणसाच्या पेशींवरही हे जमलं, २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. बेडकाच्या पेशींवर असाच उलटा प्रवास फार पूर्वी, १९६२ साली, दाखवणारे जॉन गर्डन त्यांच्याबरोबर मानकरी होते.

तर माथ्यावरची पेशी हातात आहे आणि हवी आहे ती मध्यमेंदूच्या तळाची डोपामाइनवाली. प्रयोगशाळेत ३७ अंशांच्या पेटीत, लालसर द्रवाखाली, या पेशी चपट्या वस्त्या करून वाढत असतात. सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी येऊन त्यांचा तो द्रव बदलतं. या क्षेत्रातल्या पीएच.डी.च्या मुलांना दिवाळी विचारू नये.

पहिली पायरी निरोप अडवण्याची. २००९ साली न्यूयॉर्कच्या लोरेन्झ स्टूडर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की मूळपेशींना दोन संकेत एकदम बंद केले तर दहा-अकरा दिवसांत त्यांतल्या बहुतेक चेतासंस्थेच्या वाटेला लागतात. श्पेमान-मांगोल्ड यांच्या तुकड्याने जे केलं तेच, फक्त बाटलीतल्या दोन पदार्थांनी. एवढ्यावर थांबलात तर पेशी समजते की आपण अगदी पुढच्या टोकाला आहोत, आणि पुढच्या मेंदूची होते. म्हणून दुसरी पायरी: तिला तळ दाखवायचा. त्यासाठी द्रवात हेजहॉग प्रथिन. तिसरी पायरी: तिला मागे सरकवायचं. त्यासाठी सीएचआयआर ९९०२१ असं रुक्ष नाव असलेलं एक छोटं रसायन.

या तिसऱ्या पायरीशी मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या अग्नेटे किर्केबी आणि मालिन पारमार यांनी २०१२ साली दाखवलं की या एकाच रसायनाचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं की बशीतल्या पेशी कपाळाकडून मानेकडे सरकत जातात. मुळीच घातलं नाही तर पुढचा मेंदू. लिटरमागे एका मोलच्या दहा लाखाव्या भागाच्या आतबाहेर प्रमाण ठेवलं तर मध्यमेंदू. आणखी घातलं तर मागचा मेंदू. म्हणजे ज्या द्रवात पेशी बसली आहे तिथे कुठलीही जागा नाही, वर-खाली नाही, पुढे-मागे नाही, सगळीकडे सारखं पाणी. आणि तरीही चिमूटभराच्या शतांश फरकाने तिला आपण डोक्याच्या कुठल्या भागात आहोत हे ‘कळतं’. पत्ता खोटा असतो. पेशी त्यावर खरा विश्वास ठेवते.

पत्ता किती नेमका हवा याचा धडा त्याआधी मिळाला होता. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी तर आधीही बशीत तयार होत होत्या. रंग देऊन बघितलं तर डोपामाइन बनवणारं विकर त्यांच्यात दिसायचंही. पण उंदीर-घुशींच्या मेंदूत घातल्यावर त्या नीट टिकत नसत. घोळ जन्मस्थानात होता. नळीचा तळ म्हणजे नुसता संकेत सोडणारा भाग, तिथून चेतापेशी निघत नाहीत, असं सगळे धरून चालले होते. पुढे कळलं की मध्यमेंदूत मात्र डोपामाइनच्या पेशी याच तळातून जन्मतात. २०११ साली स्टूडर यांच्या गटाने आधी तळ घडवला आणि त्यातून चेतापेशी काढल्या. त्या उंदीर, घुशी आणि माकडांच्या मेंदूत टिकल्या. आधीच्या पेशी काम सारखंच करत होत्या. फक्त त्यांचं माहेर चुकीचं होतं.

सगळ्यांनाच हा लांबचा रस्ता लागतो असं नाही. योग्य जनुक जबरदस्तीने चालू केलं तर मूळपेशीची चेतापेशी दोन आठवड्यांच्या आतही होते. पण ती कुठली चेतापेशी, हे मोघम राहतं. २०२५ साली स्वित्झर्लंडमधल्या बार्बरा ट्रॉइटलाइन यांच्या प्रयोगशाळेने जनुकाची जबरदस्ती आणि पत्त्याचे संकेत दोन्ही एकत्र केले, संकेतांची जवळजवळ दोनशे वेगवेगळी मिश्रणं करून पाहिली, आणि त्यातून चारशेहून अधिक प्रकारच्या चेतापेशी मिळाल्या. तीन हजारांपुढे चारशे कमी वाटतील. पण आतापर्यंत बहुतेक प्रयोगशाळांचं काम मूठभर प्रकारांवर भागत होतं. बंगळुरूमध्ये निम्हान्स आणि राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र यांनी मिळून वेगळा उपयोग काढला आहे: ज्या घरांत पिढ्यानपिढ्या गंभीर मानसिक आजार आहेत तिथल्या माणसांच्या रक्तपेशींपासून मूळपेशी आणि त्यांच्यापासून चेतापेशी करायच्या, म्हणजे जिवंत माणसाच्या डोक्याला हात न लावता त्याच्याच चेतापेशींचा अभ्यास करता येतो.

पार्किन्सन्सकडे परत येऊ, कारण तिथे गोष्ट बशीबाहेर पडली आहे. लुंडमध्ये १९८७ पासून गर्भपातातून मिळालेल्या ऊतीचं रोपण करून पाहिलं होतं. काहींना खूप बरं वाटलं, काहींना काहीच नाही, काहींच्या हालचाली आवराबाहेर गेल्या. आणि एका रुग्णासाठी अनेक गर्भांची ऊती जमवणं हा मार्ग कधी चालण्यातला नव्हताच. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ने दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकदम छापले. अमेरिका-कॅनडात स्टूडर यांच्या पद्धतीतून निघालेल्या पेशी बारा जणांना दिल्या होत्या. क्योटोत जुन ताकाहाशी यांच्या गटाने यामानाका-पद्धतीच्या पेशी सात जणांना. दोन्हींचा पहिला प्रश्न सुरक्षिततेचा होता, आणि रोपणातून गाठी झाल्या नाहीत. क्योटोच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन बनण्याचं प्रमाण वाढलेलं स्कॅनवर दिसलं, आणि तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली, औषध उतरलेल्या वेळीही, सुधारल्या. माणसं अगदी थोडी, तुलनेला दुसरा गट नाही. आशा ठेवायला हे पुरेसं आहे, जाहिरात करायला नाही.

जाहिरातीचं मुद्दाम म्हणतो. ‘स्टेम सेल थेरपी’ची पाटी आपल्याकडच्या शहरांतही दिसते, आणि पार्किन्सन्सपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर इंजेक्शन मिळतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही विकारांसाठीचं अस्थिमज्जेसारखं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा कुठलाही वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कोणी लाखांत पैसे मागत असेल तर ती चाचणी नाही, एवढी खूणगाठ भिसेगावापासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना पुरावी. वर वर्णन केलेल्या पेशींशी त्या इंजेक्शनचा बहुधा नावापुरताच संबंध असतो.

रोपण होतं तेव्हा ज्या पेशी डोक्यात जातात त्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. वाढलेल्या चेतापेशीचे तंतू सुईत तुटतात आणि ती मरते. म्हणून काही आठवड्यांच्या, वाट ठरलेल्या पण अजून चेतापेशी न झालेल्या पेशी देतात. बाकीचं आयुष्य त्यांनी आत जाऊन काढायचं. आणि त्या घाई करत नाहीत. मानवी चेतापेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या, जिथे आजूबाजूचं सगळं काही आठवड्यांत मोठं होतं, तरी त्या आपल्याच गतीने, महिनोन्‌महिने घेऊन वाढतात. द्रवातल्या खोट्या पत्त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवणारी ही पेशी वेळेच्या बाबतीत कोणाचंही ऐकत नाही. तिचं घड्याळ कशाने चालतं यावर सध्या अनेक प्रयोगशाळा काम करताहेत, कारण ते पुढे सरकवता आलं तर रुग्णाची प्रतीक्षा कमी होईल.

सर्जन त्या पेशी कुठे ठेवतो हेही ऐका. मध्यमेंदूत नाही. तिथून डोपामाइन जिथे पोचायला हवं तिथपर्यंतचं अंतर गर्भात अगदी थोडं असतं. मोठ्या मेंदूत ते काही सेंटिमीटर होतं आणि वाटेतली खुणांची प्रथिनं केव्हाच ओसरलेली असतात. म्हणून पेशी थेट पोचण्याच्या ठिकाणी, पुटामेन नावाच्या भागात, दोन्ही बाजूंना सुईने सोडतात. इतक्या निगुतीने मध्यमेंदूचा पत्ता शिकवलेली पेशी जन्मभर दुसऱ्याच भागात राहते, आणि तिथेही ती मध्यमेंदूचीच पेशी म्हणून वागते: आजूबाजूच्यांसारखी होत नाही, तंतू पसरते, डोपामाइन बनवते. लुंडच्या जुन्या रुग्णांपैकी काहींच्या मेंदूत अशा पेशी दहा-पंधरा वर्षांनीही जिवंत सापडल्या. त्यांतल्या थोड्यांत पार्किन्सन्सच्या खुणाही दिसल्या होत्या. रुग्णाच्या वयाच्या मानाने त्या पेशी कोवळ्याच होत्या, तरी आजार शेजारून त्यांच्यात आला असावा. नव्या रोपणांच्या बाबतीत हे किती वर्षांनी आणि किती प्रमाणात होतं ते क्योटो आणि अमेरिका-कॅनडातल्या त्या एकोणीस जणांकडे बघत राहूनच कळेल.